बाई मधोमध आल्या पाहिजेत

माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भावोजींना, त्यांच्या गल्लीत सगळे वॉशर म्हणतात. तोंडावर वॉशरकाका, पाठीमागे नुसतं वॉशर. कोणाचा नळ गळो, कोणाची सायकल खडखडो, दार कुरकुरो, भावोजींचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं : एक वॉशर टाकून बघू. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कायम दोन-चार वॉशर असत. ताई कपडे धुवायला टाकताना खिसे उलटे करी, तेव्हा ते टणटण करत मोरीत पडायचे. ती म्हणायची, लोकांच्या नवऱ्यांच्या खिशातून चिल्लर पडते, माझ्या नशिबी भोकं पडलेली.

भावोजी पाण्याच्या पंपांवर नोकरीला होते. शहराला पाणी चढवणारे मोठाले पंप एका लांबट इमारतीत ओळीने बसवलेले होते, आणि त्यांच्यामध्ये एका स्टुलावर बसून त्यांनी सगळी नोकरी काढली. ताईला बरं नव्हतं म्हणून मी एकदा त्यांचा डबा द्यायला गेले होते. आत पाऊल टाकलं आणि आवाज छातीतच शिरला. उघडं सिमेंट, लोखंड, ओल. बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडायचं. हे मात्र डबा उघडून निवांत जेवायला बसले आणि मध्येच घास हातात धरून थांबले. मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी उठून एका पंपाच्या अंगावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, त्याची मूठ कानाला लावली, मान हलवली आणि पाना घेऊन कामाला लागले. आवाज बदलला की बिघाड यंत्रात असतो, असं ते सांगायचे. आत शिरायचं, एकेक जोड तपासत जायचं, कुठेतरी सापडतोच. आयुष्यभर त्यांना तो सापडत आला. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे त्यांचं अडलं ते इथेच.

दिवसभर एवढा गोंगाट ऐकलेला माणूस घरी येऊन शांतता मागेल असं कोणालाही वाटेल. यांना गाणं लागायचं. लग्न झालं तेव्हा घरात एक खरखरता रेडिओ होता. मग एक हॉटेल बंद पडलं आणि त्यातलं सामान रस्त्यावर मांडून विकायला काढलं, तिथून भावोजी कमरेएवढ्या उंचीचे दोन लाकडी स्पीकर हातगाडीवर घालून घेऊन आले. अँप्लिफायर कोणाच्या तरी माळ्यावरचा, चालू केला की जळका वास येणारा. कॅसेटचा प्लेअर पंपावरच्या एका सोबत्याने दिलेला. ताईने दारातच कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली की घरात दोन कपाटं आली, पण एकातही काही ठेवता येत नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते संपलंच नाही. विकत काही आणायचं नाही, घरात पडलंय त्यातूनच करायचं, हा त्यांचा नियम. गल्लीतल्या पोरांचे फाटके टेनिसचे चेंडू गोळा केले, अर्धे कापले आणि चारी कोपऱ्यांखाली उपडे घातले, म्हणजे स्पीकरची थरथर फरशीत उतरत नाही. प्लेअरखाली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आल्या. वायरींची टोकं काळी पडली की ती कापून, आतलं चकचकीत तांबं पिळून पुन्हा घट्ट आवळायची, आणि दोन्हीकडच्या वायरी सारख्याच लांबीच्या ठेवायच्या. मागच्या पिना खोडरबराने घासायच्या. स्पीकरच्या पेट्यांच्या फटी त्यांनी खिडकीच्या काचा बसवतात त्या लांबीने लिंपल्या. आत थोडा कापूस भरला की आवाज भरीव होतो असं कुठेसं ऐकून आले, आणि त्या रात्रीपासून पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दोन उशा चपट्या झाल्या. मी मुक्कामाला गेले तेव्हा ती उशी माझ्याच डोक्याखाली आली. ताई म्हणाली, झोप मुकाट्याने, तुझी उशी आत गातेय.

हे सगळं कशासाठी, तर बाईंसाठी.

त्यांच्याकडे एक कॅसेट होती. एक बाई गातात, मागे बासरी, आणि खाली खोल सुरात एक तारांचं मोठं वाद्य. कॅसेटवर नाव नव्हतं, कागद कधीच फाटून गेला होता. भावोजींचं म्हणणं, सगळं नीट लागलं असेल तर आवाज या पेटीतून येतोय का त्या पेटीतून हे कळताच कामा नये. दोन्हींच्या मधे, जिथे नुसती भिंत आहे, तिथे बाई उभ्या राहून गातायत असं वाटलं पाहिजे. ते ताईच्या रिळातला दोरा घ्यायचे, या स्पीकरपासून त्या स्पीकरपर्यंत ताणायचे आणि तेवढाच दोरा दोन्हींपासून आपल्या खुर्चीपर्यंत येतो का बघायचे. जागा जमली की फरशीवर लाल चिकटपट्टीच्या खुणा. खुर्चीच्या पायांनाही खुणा. केर काढणाऱ्याने स्पीकर बोटभर सरकवला तरी त्यांना खुर्चीत बसल्याबरोबर कळायचं. बाई डावीकडे गेल्यात, म्हणायचे.

ताई त्या बाईंना सवत म्हणायची. संध्याकाळी हे खुर्चीत डोळे मिटून बसले की ती मशीनवरून विचारायची, “आल्या का हो तुमच्या बाई?” हे डोळे न उघडता बोट वर करायचे. म्हणजे आल्या, गप्प बस.

ताईचं मशीन त्याच खोलीत होतं. खोली एकच मोठी. मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. उजव्या स्पीकरच्या पलीकडे, कोपऱ्यात, खिडकीखाली तिचं शिलाईचं मशीन आणि बिनपाठीचं स्टूल. ती शाळांचे गणवेश शिवायची, पडदे शिवायची, आल्टरेशन करायची. स्पीकरच्या समोरच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी मांडणी होती आणि तिच्यावर गिऱ्हाइकांच्या कापडाची गाठोडी. प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी. शिवलेली, न शिवलेली, लोक विसरून गेलेली. पडद्याच्या कापडाचे गुंडाळे वेगळे, उभे. भावोजी त्या भिंतीवर कुरकुरायचे. म्हणायचे, खोलीला श्वास घ्यायला जागा नाही, एवढा पसारा नसता तर माझ्या स्पीकरचा आवाज कुठच्या कुठे पोचला असता. ताईचीही एक तक्रार होती. कॅसेट लागली की ती म्हणायची, तुमचा ढोल माझ्या पोटात वाजतो. कॅसेटमध्ये ढोल नव्हताच. भावोजी हसायचे. मीही हसायचे.

ताईचं दुखणं थोडक्यात आटोपलं. ताप काय आला, दवाखान्यात काय नेलं, आणि आम्ही तिचे कपडे पिशवीत घालून परत आलो. मला रडू आलं नाही. येईल, येईल, म्हणून मी वाट पाहत होते. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या खांद्यावर हात ठेवून रडायच्या आणि मी त्यांना पाणी द्यायची. भावोजी तर दाराशी उभे राहून येणाऱ्याच्या चपला नीट लावत होते. मी रोज संध्याकाळी देवापुढे बसते, लहानपणापासूनची सवय आहे. त्या दिवसांत काय मागावं तेच सुचेना. नुसतं नाव घेत बसायची. नाव घ्यायला काही वाटावं लागत नाही, तेवढं बरं होतं.

गिऱ्हाइकं कापड मागायला येऊ लागली. दारात घुटमळायची, वाईट झालं म्हणायची, आणि मग हळूच, माझं निळं कापड होतं. त्यांचंही बरोबर, शाळा उघडायच्या होत्या. ताईची मुलगी, माझी भाची, दुसऱ्या गावी एका दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर असते. ती रजा काढून आली होती आणि तिने सगळं हातावेगळं केलं. कामात असली की ती आपल्या आईसारखीच, तोंड मिटून. चिठ्ठ्या बघून गाठोडी वाटून टाकली, पडद्यांचे गुंडाळे एका दुकानदाराला दिले, मांडणी त्यालाच दिली. खिडकीचे जुने पडदे धुवायला काढले. कातरणाची दोन पोती उरली, ती कोणालाच नको होती, तेव्हा मी म्हटलं माझ्याकडे दे, उशा भरता येतील. मशीन जड म्हणून राहिलं.

जाण्याआधी तिने वडिलांना सांगितलं की बाबा, घर बंद करा आणि माझ्याकडे चला. ती काही रागाने म्हणाली नाही. तिचं घर दोन खोल्यांचं, नवरा, लहान मूल. तिथे कमरेएवढे स्पीकर मावणार नाहीत हे न बोलताही सगळ्यांना कळत होतं. भावोजी म्हणाले, बघू. ती म्हणाली, पुढच्या रजेत मी मोठी बॅग घेऊन येणार आहे, तोवर ठरवा.

ती गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा कॅसेट लावली.

मी तिथेच होते, स्वयंपाकघरात डबे पुसत. गाणं सुरू झालं आणि बंद झालं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. बाहेर येऊन पाहते तो भावोजी खुर्चीत ताठ बसलेले. मी विचारलं काय झालं. म्हणाले, “बाई येत नाहीत.”

मलाही ते जाणवलं, मला गाण्यातलं काही कळत नसूनही. आवाज कडक झाला होता. बाईंचा प्रत्येक ‘स’ सुईसारखा कानात टोचायचा, बासरी पत्र्याची झाली होती आणि सगळं कुठूनही येत होतं, भिंतीतून, छतातून. मधे कोणी उभं नव्हतं.

भावोजींनी मुलीला फोनवर सांगून टाकलं की आवाज लागला तर मी इथेच राहीन, नाही लागला तर हे सगळं भंगारवाल्याला देऊन तुझ्याकडे येतो. भाचीने मला फोन केला. म्हणाली, मावशी, बाबांनी कशावर ठरवलंय बघ. मी म्हटलं, कशावर तरी ठरवतायत ना. मनात मात्र मला धास्ती होती. मी त्यांना मुलीकडच्या त्या दोन खोल्यांत, नातवंडाच्या खेळण्यांमध्ये, हात मांडीवर ठेवून बसलेले पाहत होते. खिशात वॉशर आणि घट्ट करायला काहीच नाही.

मी दोन-तीन दिवसांआड भाजी-पोळी घेऊन जाऊ लागले. प्रत्येक वेळी काहीतरी उघडलेलं असायचं. त्यांनी सगळ्या वायरी नव्याने टोकं कापून बसवल्या. पिना इतक्या घासल्या की खोडरबर संपलं. अर्धे चेंडू काढून त्या जागी विटा ठेवल्या, विटांना जुने मोजे घातले; मग विटा काढून पुन्हा चेंडू. दिव्याची वायर स्पीकरच्या वायरीला चिकटली होती, ती दूर केली. पेट्यांचे स्क्रू काढले आणि प्रत्येकाला वॉशर घालून आवळले. पाचरी मारून स्पीकरची तोंडं जराशी वर केली. कापूस काढला, पिंजला, पुन्हा भरला. ताईच्या रिळातला दोरा घेऊन तो त्रिकोण किती वेळा मोजला कोण जाणे. खुणा जागच्या जागी होत्या. दोरा तेवढाच भरत होता.

ते हे सगळं करत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नसायचं. चिडणं नाही, की थकणं नाही. पंपावर करत असतील तसंच, एक जोड झाला की दुसरा. मी ताट वाढलं की जेवायचे, नाही वाढलं तर नाही. ताईचा विषय ते काढत नसत आणि मीही नाही. एकदा फक्त म्हणाले की सगळे जोड तपासले, बिघाड नाही. असं कधी झालेलं नाही.

मग एक दिवस खिडकीतून पारवा आत आला. पडदे धुऊन घडी घालून ठेवले होते ते पुन्हा लावलेच नव्हते, त्याला सरळ वाट मिळाली. पंख फडफडवत तो छताला धडकायला लागला. भावोजी फरशीवर बसून प्लेअर पुसत होते, त्यांनी नुसतं वर पाहिलं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्याला हाकलायला हातांनी जोरात टाळी वाजवली.

टाळी वाजली आणि मागोमाग आणखी एक वाजल्यासारखी झाली, बारीक, कडक, पत्र्यावर खडे पडावेत तशी. पारवा गेला. मी खिडकी लावत होते तर भावोजी म्हणाले, “पुन्हा वाजव.”

मी वाजवली. पुन्हा तेच. ते उठले. मग ते स्वतः टाळ्या वाजवत खोलीभर हिंडू लागले. दाराशी एक, खुर्चीपाशी एक, मशीनपाशी एक. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बायको गेली आणि वॉशर ढिला झाला. फिरत फिरत ते समोरच्या मोकळ्या भिंतीपाशी गेले, जिथे मांडणीच्या जागी फक्त पांढरट चौकोन उरला होता, आणि तिथे तोंड करून टाळी वाजवली. ती सगळ्यात जास्त वाजली. त्यांचे हात तसेच जुळलेले राहिले.

ते भिंतीला हात लावून उभे होते. मग म्हणाले की पंपाच्या इमारतीत भिंत कधी बदलत नाही, त्यामुळे भिंतीकडे बघायचं मला सुचलंच नाही. म्हणाले, आवाज ही गाठोडी खात होती. मी त्यांना पसारा म्हणत होतो.

गाठोडी आता परत येणार नव्हती. त्यातले गणवेश अंगात घालून पोरं शाळेत बसली होती. पण माझ्याकडे कातरणाची पोती होती. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, फार न विचारता कामाला लागणारे आहेत, त्यांनी दोन्ही पोती खांद्यावरून रिक्षात आणि रिक्षातून भावोजींच्या दारात आणली. भावोजींनी पोत्यात हात घातला. निळे, करडे, पडद्यांचे फुलाफुलांचे तुकडे, बाहीच्या गोलाईतून निघालेल्या चंद्रकोरी. मूठभर काढून त्यांनी कानाशी धरले आणि चुरगाळले. काय ऐकलं, त्यांनाच माहीत.

ठरलं असं की लांबट पिशव्या शिवायच्या, कातरण भरायचं आणि मांडणीच्या जागी भिंतीवर ओळीने टांगायच्या. पिशव्यांना कापड म्हणून खिडकीचे ते धुतलेले जुने पडदे घेतले, खिडकीसाठी मी आमच्या घरचे आणून लावले. आता शिवणार कोण? मला मशीन येत नाही, ताई असताना शिकायची गरजच पडली नाही. भावोजी म्हणाले, हे मशीन मी शंभरदा उघडून तेल घातलंय, सरळ टीप मारायला काय लागतं. आणि ते ताईच्या स्टुलावर बसले.

आमच्या घरी नवरे बायकोच्या मशीनवर बसत नाहीत असं काही नाही. पण ते त्या स्टुलावर बसलेले मी पहिल्यांदा पाहत होते. गुडघे मशीनला लागत होते. सुईत दोरा त्यांनी पहिल्या फटक्यात ओवला. मला म्हणाले, कॅसेट लाव, एकेक पिशवी भरून झाली की भिंतीला धरून फरक बघता येईल. मी लावली, आणि जमिनीवर बसून पहिल्या पिशवीत कातरण कोंबायला लागले.

त्यांनी एक टीप मारली, वळवली, दुसरी अर्ध्यात आणली, आणि पायडलवरचा पाय थांबला. मला वाटलं दोरा तुटला. दोरा नव्हता तुटला. ते मान थोडी वाकडी करून बसले होते, पंपावर घास हातात धरून बसले होते तसेच. कॅसेट चालू होती. एक गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही संपलं. बाजू संपून बटण टक्कन वर आलं तरी ते हलले नाहीत.

मग म्हणाले, “इथे बाई नाहीतच.”

मी उठून त्यांच्याशेजारी उभी राहिले आणि त्यांनी कॅसेट उलटून पुन्हा लावायला सांगितली. लावून आले, कोपऱ्यात वाकून कान दिला. खरंच. तिथे गाणं असं नव्हतंच. उजव्या स्पीकरची पाठ इकडे, दोन भिंतींचा कोपरा, आणि त्यात ते खालच्या सुरातलं मोठं वाद्य नुसतं घुमत होतं. घुम, घुम, पोटात. त्या घुमण्याच्या पलीकडे कुठेतरी, शेजारच्या घरातून आवाज यावा तशा, बाई गात होत्या. शब्द एकही लागत नव्हता.

“ती सांगायची,” भावोजी म्हणाले. “मला वाटायचं थट्टा करतेय.”

एवढंच बोलून त्यांनी अर्धी राहिलेली टीप पुरी केली. पिशव्या शिवून झाल्या. मी भरत गेले, ते तोंडं शिवत गेले. संध्याकाळी माझी देवापुढे बसायची वेळ झाली, तेव्हा मी तिथेच, हात कातरणात असताना, मनातल्या मनात नाव घेतलं.

पिशव्या टांगल्या त्या दिवशी मी पुन्हा गेले होते. भिंत विचित्र दिसत होती, फुलाफुलांच्या जाड शेंगा लटकाव्यात तशी. भावोजी खुर्चीत बसले, त्यांनी कॅसेट लावली आणि डोळे मिटले. मला खुर्चीमागे उभं राहूनही कळलं. टोचणं गेलं होतं. बासरी पुन्हा लाकडाची झाली होती. आणि दोन्ही पेट्यांच्या मधे, भिंतीपाशी, बाई उभ्या होत्या. अगदी मधोमध.

मी वाट पाहिली. बोट वर झालं नाही. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं, मग डोळे उघडले आणि म्हणाले, हो, आता बरोबर आहे. जसं नळ गळायचा थांबला की म्हणतात, तसं. मग पाणी प्यायला आत गेले.

मी घरी येऊन भाचीला कळवलं की आवाज लागला. ती म्हणाली, बरं, तरी मी येते. तिकीट काढलंय.

ती आली त्या दिवशी मीही गेले. दारातून आत शिरल्यावर मला खोली ओळखूच येईना. स्पीकर जागेवर नव्हते. फरशीवरच्या लाल खुणा खरवडून काढलेल्या, त्यांच्या जागी नुसते चिकट डाग. उजवा स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढून पार दाराकडे नेलेला, डावा भिंत सोडून आलेला, दोघांची तोंडं तिरकी. पाचरी नव्या. भावोजींची खुर्ची मात्र कशीबशी एका बाजूला, स्पीकरच्या पाठीशी. मशीनपासून निघालेला दोरा अजून फरशीवर पडलेला होता.

भाचीने बॅग दाराशी ठेवली. चाकांची, मोठी, रिकामी, उचलली तर हलकी लागणारी. ती थकली होती, पहिली खुर्ची दिसली तीत बसली, ती वडिलांचीच. भावोजींनी कॅसेट लावली. तिने थोडं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बाबा, हे नीट केलंय म्हणालात ना? इथे तर नुसतं घुमतंय.”

“तिथे तसंच ऐकू येणार. इकडे बस.”

त्यांनी तिला हाताने ताईचं स्टूल दाखवलं. ती उठून गेली, बसली. बसताना तिने नकळत पुढे पडलेली कात्री बाजूला सरकवली, ताई सरकवायची तशीच, आणि दोन्ही हात मशीनच्या फळीवर ठेवले. मी तिच्या मागे उभी होते. दोन्ही पेट्यांच्या मधे, दार आणि पिशव्यांच्या भिंतीच्या दरम्यान, जिथे काहीच नाही तिथे, बाई उभ्या राहून गात होत्या. एकेक शब्द सुटा. तो मोठा तारांचा आवाज त्यांच्या पायाशी बसून होता, पोटात येत नव्हता.

भाची गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग मान न वळवता तिने विचारलं की आईला रोज असं ऐकू यायचं?

भावोजी आपल्या खुर्चीत, त्या घुमण्यात बसले होते.

“नाही,” ते म्हणाले. “तिला असं कधीच आलं नाही.”

बाजू संपली, बटण टक्कन वर आलं. मी चहा टाकायला आत गेले, कारण कोणीतरी जायला हवं होतं.

भाची दोन दिवस राहिली. चल म्हणून ती पुन्हा म्हणाली नाही आणि येत नाही असं त्यांनीही सांगितलं नाही. निघताना तिने रिकामी बॅग उचलली. तिचं एक चाक खडखडत होतं. भावोजींनी ती तिच्या हातातून घेतली, उलटी केली, खिशात हात घातला आणि चाकाला एक वॉशर टाकून दिला. आता ते संध्याकाळी कॅसेट लावतात आणि खुर्चीत बसतात, घुमतं त्या जागी. स्टुलावर कोणी नसतं. माझं जाणं झालं की मी बसते. बाई येतात. मी बोट वर करते, आणि ते तिकडून मान हलवतात.